चहा गार कुणी केला

घरात कुजबूज सुरू झाली की समजावं, बोलणं आपल्याबद्दलच चाललंय. थोरल्या बाईंचा हा नियम आजवर खोटा ठरला नव्हता. गेले कित्येक दिवस सूनबाई कुजबुजत होती. कधी नवऱ्याशी, कधी फोनवर. आणि बाई खोलीत शिरल्या की एकदम, "आई, पाणी देऊ का?" पाणी हवं असतं तर बाईंना पाय होते. पाणी मुरत होतं ते भलतीकडेच.

घराच्या खालच्या मजल्यावर कचेरी. लेखकांची बाडं तिथे यायची; पसंत पडलं ते कचेरी प्रकाशकाच्या गळी उतरवायची आणि आपली टक्केवारी ठेवायची. बाईंच्या नवऱ्याने, म्हणजे मोठ्या साहेबांनी, ती काढली. आता मुलगा बघत होता. कचेरीची पन्नाशी आली म्हणून तिचा इतिहास छापायचा घाट घातला होता आणि लिहायचं काम शिकलेल्या सुनेच्या गळ्यात पडलं होतं.

लिहीना का! पण दाखवायला नको? त्यात परवा ब्लाउज द्यायला आलेली शिंपीण सहज बोलून गेली, "तुमची सूनबाई त्या टकलूच्या जिन्यात दिसली हो." टकलू म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा दुसरा एजंट. एकेकाळी याच कचेरीत बाडं वाचून दाखवायच्या नोकरीला होता. इथे शिकला आणि तिथे दुकान थाटलं.

बाईंनी मनाशी ताळा जुळवला. मुलगा मेणाचा, वळवावा तसा वळणारा. सून टकलूला सामील. उद्या कचेरी जाणार त्याच्या घशात, आणि इतिहासात सासूच्या वाट्याला फोटोखाली एक ओळ, 'साहेबांच्या सुविद्य पत्नी.' चौथीत शाळा सुटलेली बाई, सुविद्य कसली डोंबलाची!

कचेरीचा एक रिवाज होता. बाड कितीही मोठ्या लेखकाचं असो, सकाळी पुढच्या खोलीत मोठ्याने वाचायचं आणि ऐकणाऱ्याच्या हातात वाफाळता चहा द्यायचा. त्याने चहा गरम गरम संपवला तर बाड परत. ऐकता ऐकता कप हातातच गार झाला तर पुस्तक घेतलं. वाद नाही, वकिली नाही. साहेब गेल्यापासून ऐकायला बाईच बसत. धंद्यातले लोक अजून म्हणत, काय डोकं मोठ्या साहेबांचं, काय युक्ती! बाई ओठ मिटून घेत. तो पहिला गार कप साहेबांचा नव्हताच, बाईंचा होता. आणि एकदा छापलं की खोट्याचं खरं होतं, हे पुस्तकांच्या घरात जन्म काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

"आई, उद्या इतिहास वाचू या," मुलगा म्हणाला. "रिवाजाप्रमाणे. तुझा चहा ठरवेल."

चहा काय ठरवणार, बाईंनी रात्रीच ठरवून टाकलं.

सकाळी तिघांचा वाफाळता चहा आला आणि सून वाचायला बसली. कचेरी कशी निघाली, कपाटं कुठून आली, सगळं झालं. मग पान उलटलं. "एके सकाळी मोठे साहेब एका अनोळखी लेखिकेचं बाड ऐकत होते. ऐकण्यात ते इतके रंगले, की हातातल्या चहाचं..."

बाईंनी कप तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. जीभ पोळली, डोळ्यांत पाणी आलं. कप बशीत उपडा घालून म्हणाल्या, "परत."

"अगं आई, आत्ता कुठे दुसरं पान!"

"दुसऱ्याच पानावर खोटं बोलणारं शेवटाला काय दिवे लावणार?"

सुनेने पानं मांडीवर ठेवली. "काय खोटं आहे, आई?"

"विचार की टकलूला. त्याच्या जिन्यात चपला झिजवतेस ना? ताकाला जाऊन भांडं लपवायचं आमच्या घरात चालत नाही."

सून लाल झाली. "गेले होते. ही गोष्ट विचारायलाच गेले होते. आधी तुम्हालाच विचारलं होतं, आई. म्हणालात, मला अडाणीला काय विचारतेस, पुरुषांना विचार. पुन्हा विचारलं तर म्हणालात, लिहिणार तू, मिरवणार तू, मी कशाला तोंड वाजवू. नंतर तर तोंडावर दार लावलंत. त्या वेळचं माणूस दुसरं कोण उरलंय?"

हे सगळं आपण बोललो, हे बाईंना आठवत होतं. आठवत नाही असं दाखवायचं वय होतं, पण सवय नव्हती.

"मग ती कुजबूज कसली?"

"टकलूचं नाव काढलं तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल म्हणून."

"आणि घेतलंच," मुलगा पुटपुटला. बाईंनी नुसतं बघितलं, तसा तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"काय म्हणाला तो मेला?"

"हेच. साहेब ऐकण्यात रंगले होते."

"रंगले? घोरत होते!" बाईंना राहवलं नाही. "वाचत कोण होतं माहितीये? हाच टकलू. तेव्हा डोक्यावर रान होतं. वाचायचा कसा, तर गळका नळ बरा! साहेब खुर्चीत आडवे. मी चहा घेऊन आले आणि दारातच थांबले. त्या गोष्टीतली बाई एका बंद दारापाशी उभी होती, ढकलू की नको, ढकलू की नको. तीही उभी, मीही उभी. तिने ढकललं एकदाचं, तेवढ्यात साहेब जागे झाले. माझ्या हातातला कप घेतला, घोट घेतला नि ओरडले, 'हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?' मी म्हटलं, 'चहा चांगलाच होता, पुस्तक त्याहून चांगलं निघालं. घेऊन टाका.' घेतलं आणि तुफान चाललं. मग काय, चारचौघांत सांगायला लागले, आमची एक युक्ती आहे. टकलू कशाला खरं सांगेल? आपल्या वाचण्याने मालक झोपला, हे आधी कबूल करावं लागेल!"

मुलगा खो खो हसला. सून हसली नाही. तिने दुसऱ्या पानावर आडवी रेघ मारली, कोरा कागद घेतला आणि विचारलं, "दार ढकललं, तर आत काय होतं?"

बाई सांगत गेल्या. त्या बाईचं, मग पुढच्या पुस्तकाचं, मग त्याच्या पुढच्या. मध्येच त्यांची नजर सुनेच्या कपावर गेली. काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. बाई थबकल्या.

"काय गं, खरंच विसरलीस, की मला गोड वाटावं म्हणून मुद्दाम गार करतेस?"

सुनेने दचकून कप उचलला, घोट घेतला आणि तोंड असं केलं की जणू कडू काढाच प्यायली.

बाईंनी ते तोंड नीट निरखून घेतलं. मुद्दाम वाकडं केलेलं तोंड असं दिसत नाही; आयुष्यभर करून त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"बरं, लिही पुढे," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या फोटोखाली सुविद्य-बिविद्य लिहिलंस, तर याद राख!"