बिनचिठ्ठीची गोळी

गोळ्यांची पट्टी कापायची एक रीत असते. गिऱ्हाइकाला चारच गोळ्या हव्या असल्या, तर मुदत संपायची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक दुकानात ठेवायचं आणि कात्री दुसऱ्या बाजूनं चालवायची. औषधवाल्या बाईंनी बावीस वर्षांत यात एकदाही चूक केली नव्हती. म्हणूनच त्या दिवशी सकाळी दुखण्यावरच्या जालीम गोळ्यांचा डबा उघडला आणि तारखेचं टोकच कापून नेलेली पट्टी हातात आली, तेव्हा ही कात्री आपली नव्हे, हे त्यांनी ओळखलं. दुकानात त्या एकट्याच. मागच्या दोन खोल्यांत घर, आणि घरात त्यांच्याखेरीज एकच माणूस.

ती म्हणजे भिंगरी, त्यांची एकोणीस वर्षांची लेक. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव पडलेलं. वर्षापूर्वी खेळताना गुडघा मोडला, ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दोन आठवड्यांपुरत्या गोळ्या लिहून दिल्या. गुडघा बरा झाला. गोळी मात्र सुटली नाही.

बाईंनी पट्टी तिच्यापुढे धरली. "कधीपासून चाललंय हे?"

"उगाच डोकं खाऊ नकोस गं आई," भिंगरी आधी फणकारली. पण दुसऱ्याच क्षणी मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "नाही घेतली की घाम फुटतो, हाडं ठणकतात, जीव नकोसा होतो. मला थांबायचंय गं. थांबताच येत नाही!"

आता बघा, दुसरी एखादी आई इथून तडक डॉक्टरकडे धावली असती. पण आमच्या बाई पडल्या औषधवाल्या! सगळ्या गल्लीला कुठली गोळी कशावर हे सांगणाऱ्या. त्यांना वाटलं, मला का यातलं कळत नाही? आणि त्याहून मोठं भय होतं ते वेगळंच. दुकानवालीची पोर दुकानातल्याच गोळ्या खाते, हे बाहेर फुटलं तर लोक तोंडात शेण घालतील, परवाना जाईल तो वेगळाच. भिंगरीचे बाबा परगावी नोकरीला. त्यांना फोनवर बाई म्हणाल्या, "इकडं सगळं मजेत आहे."

लेकीला त्यांनी जवळ घेतलं. "मी देईन तेवढीच घ्यायची. सकाळी एक, संध्याकाळी एक. मग अर्धी, मग पाव, मग बंद. कुणाला कानोकान कळायला नको."

तेव्हापासून दोघी कोंडल्या गेल्या. कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली बाईंच्या गळ्यात आली. भिंगरीचं कॉलेज सुटलं, मोबाईल बाईंच्या गल्ल्यात गेला. दिवसभर तिनं काउंटरच्या मागं, खोक्यांच्या मधे, एका स्टुलावर बसायचं. बाईंची नजर गिऱ्हाइकावर कमी, तिच्यावर जास्त. न्हाणीघरात जरा वेळ लागला तरी दारावर थाप पडायची. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही बाई गेल्या नाहीत. दुकान कुणावर टाकायचं, आणि पोरीला कुठं न्यायचं?

भिंगरी गोळीसाठी तासनतास घड्याळाकडे बघत बसायची. हात पुढे करायची, गोळी घ्यायची, तोंड फिरवायची.

"तुला माझ्याशी बोलायचंच नसतं का गं?" एकदा बाईंनी न राहवून विचारलं.

"बोलायचं काय? तू पहारेकरी, मी कैदी. कैदी पहारेकऱ्याशी काय बोलणार?"

बाईंना ते फार लागलं. पण करणार काय! अर्धीवर आणलं की पोर थरथरायची, ओकायची, हातापाया पडायची आणि बाई पुन्हा पुरी गोळी द्यायच्या. महिना गेला, दुसराही गेला. पाव गोळीचा दिवस काही उजाडला नाही. शिवाय बाईंना ठाऊकच नव्हतं की अधूनमधून वह्या द्यायला येणारी मैत्रीण वह्यांबरोबर खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधाची बाटलीही देऊन जाते.

एका दुपारी सिस्टरबाई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आल्या. तीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून राबून निवृत्त झालेल्या, तोंडानं फटकळ. काउंटरवरून त्यांनी आत डोकावलं. भिंगरी खोक्यांना डोकं टेकून निजलेली.

"दमलीय बिचारी," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

"बाजूला व्हा!" सिस्टरबाई फळी उचलून आत शिरल्या. भिंगरीच्या छातीवर हात ठेवून मनगटावरचं घड्याळ पाहत राहिल्या. "ही झोप नव्हे. श्वास बघा किती सावकाश चाललाय! ओठ निळे पडलेत. ॲम्ब्युलन्स बोलवा!"

तिला कुशीवर करून, हाक मारत, गालावर चापट्या देत सिस्टरबाईंनी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत खिंड लढवली. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "हिनं काय घेतलंय? लवकर सांगा."

बाईंचं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "काही नाही हो. दगदग झालीय."

होय मंडळी, पोटची पोर समोर निपचित पडलेली असताना आई खोटं बोलली! सिस्टरबाईंनी त्यांचा दंड धरला.

"बाई, माझ्याकडे बघा. असा श्वास दगदगीनं होत नाही, गोळ्यांनी होतो. परवा माझ्यासमोर तुम्ही त्या म्हाताऱ्या मास्तरांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी नाकारलीत. बरोबर केलंत. परक्याच्या जिवाची एवढी काळजी घेता, आणि पोरीला बिनचिठ्ठीचं काय देत होता?"

"मी तिला सोडवत होते हो! हळूहळू कमी करत होते..."

"कमी करायचं तेही डॉक्टरांनी, तिला तपासून. ही लाज नाही, हा आजार आहे. आजाराला औषध लागतं, माणसं लागतात, वेळ लागतो. तुम्ही तिला उपचार दिले नाहीत, नुसतं लपवलंत. आता बोला! एकेक मिनिट तिचं आहे."

बाईंच्या गळ्यातून हुंदका फुटला. "गोळी मी दिली! डॉक्टर, मीच दिली! रोज!" गोळीचं नाव, किती, कधी, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. घरी आणखी कोण येतं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं; वह्या देणाऱ्या त्या मैत्रिणीला फोन केल्यावर कळलं, की गोळ्यांवर खोकल्याचं औषधही चढलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नर्सला हाक मारून योग्य ते इंजेक्शन मागवलं. थोड्या वेळानं भिंगरीनं खोल श्वास घेतला आणि डोळे उघडले. बाईंनी तिचा हात हातात घेतला.

ती बरी झाली, पण चुटकीसरशी नव्हे. डॉक्टरांनी त्यांच्या हिशेबानं औषध सुरू केलं. समुपदेशकताई आठवड्यातून दोनदा बोलायच्या, एकदा तिच्या वयाच्या मुलामुलींबरोबर आणि एकदा तिच्या आईबाबांबरोबर. हो, बाबांनाही सांगावं लागलं. ते आधी खूप चिडले, मग सुट्टी टाकून आले. मधे एकदा भिंगरीचा पाय पुन्हा घसरला, तिनं चोरून गोळी घेतली. तिनं स्वतःहून आईला सांगितलं. बाईंनी आदळआपट केली नाही की कुलूप शोधलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी मिळून डॉक्टरांकडे गेल्या. दुकानाच्या चुकीबद्दल चौकशी झाली, बाईंना समज मिळाली, ती त्यांनी मान खाली घालून ऐकली. आभाळ काही कोसळलं नाही.

सहा महिन्यांनी दुकानात चांगली गर्दी असताना एक ओळखीची बाई काउंटरवर वाकून कुजबुजली, "आमचा धाकटा... काहीबाही ओढायला लागलाय हो. घरच्या घरी सोडवायला काही देता का? कुणाला कळता कामा नये."

बाईंनी कात्री खाली ठेवली. सगळं दुकान ऐकेल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "माझ्या मुलीलाही गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. मी घरच्या घरी सोडवायला गेले आणि तिला मरणाच्या दारात नेलं. त्याला डॉक्टरांकडे न्या."

मग त्यांनी वळून आतल्या दाराकडे पाहिलं. लेकीला काय वाटलं असेल?

आतून भिंगरी पुढे आली. आता ती पुन्हा कॉलेजात जात होती. तिनं त्या बाईकडे पाहिलं. "काकू, उद्या अकराला मी तिथंच जाणार आहे. त्याला पाठवा माझ्याबरोबर. रागावून नका पाठवू हं, तो आधीच घाबरलेला असेल."

ती बाई भर दुकानात रडली. गर्दीतल्या कुणीतरी तिला बसायला स्टूल दिलं.

तेव्हा आईबापांनो, व्यसनात सापडलेलं पोर आजारी असतं, गुन्हेगार नसतं. त्याला दाराआड कोंडलंत, तर आजारही त्याच्याबरोबर आतच राहतो. दार उघडा, आणि त्याचा हात धरून वेळेत दवाखान्यात जा.