चेंडू टेकला की थांबायचं

ओरडून सांगते, मागच्या गल्लीपर्यंत ऐकू जाऊ दे: ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक जरी खोटा निघाला तर माझी कवळी भर चर्चमध्ये, पाद्रीबाबांच्या पुढ्यात पडो. गेल्या ईस्टरला पडली होती ती सैल झाली होती म्हणून. त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.

तर शिकागोपासून पाचेक तासांवरच्या हॅमट्रॅम्क गावात ब्रोनिया नावाची बाई राहायची. नवरा झिगमुंट, पण सगळे झिगीच म्हणायचे. गावातल्याच मोटारींच्या कारखान्यात होता. पंचाहत्तर साली त्याने इंपिरियल नावाची मोटार घेतली. मरून रंगाची, वर पांढरा टप, पुढच्या दिव्यांना पापण्या. पापण्या म्हणजे खरंच पापण्या. दिवे नको असले की मिटायच्या. आणि लांबी किती? रविवारी गाडीचं नाक चर्चच्या पायरीला लागायचं तेव्हा शेपूट अजून घराच्या फाटकातून निघायची असायची. ब्रोनिया निवांत कुलूप लावायची, मागच्या दाराने चढायची आणि आतल्या आत चालत पुढे झिगीपाशी जाऊन बसायची.

गॅरेज मात्र आजोबांच्या काळातलं, तेव्हाच्या चिमुकल्या गाड्यांसाठी बांधलेलं. इंपिरियल आत घातली की दार लागेना. झिगीने मग गल्लीतल्या सगळ्यांनी केलं तेच केलं. मागच्या भिंतीला भोक पाडलं आणि बाहेरून लाकडी खोकं ठोकलं, गाडीचं नाक राहायला. त्या काळी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजला असं एक नाक फुटलेलं होतं. फक्त झिगीचं नाक नेमकं ब्रोनियाच्या बिटाच्या वाफ्यावर आलं.

"माझं बीट!" ब्रोनिया म्हणाली.

"अगं, बीट बाजारात मिळतं. गॅरेजचं नाक मिळतं का?"

खोक्याची फळी फुटू नये म्हणून त्याने आढ्याला दोरी बांधून टेनिसचा चेंडू लोंबकळत सोडला. चेंडू समोरच्या काचेला टेकला की थांबायचं. एक बोटभरसुद्धा पुढे नाही.

एवढं धूड कशाला हवं होतं त्याला? लोक विचारायचे. झिगी दिवसभर हवेच्या दाबाने धडधडणाऱ्या पान्याने नट आवळायचा. संध्याकाळी घरी आला तरी हात थरथरतच असायचे. सूप प्यायला बसला की चमचा बशीवर ताशासारखा वाजायचा. आणि इंपिरियलमध्ये बसला, त्या गुबगुबीत मखमलीत रुतला, स्टिअरिंगच्या चाकाला नुसतं एक बोट लावलं, की हात शांत. "ह्यात बसलं ना, की जग लागत नाही," असं म्हणायचा. ब्रोनियाने ते पाहिलं होतं. बिटावरून भांडली, पण गाडीवरून कधी भांडली नाही.

आणि खरंच लागायचं नाही. झिगीची थोरली बहीण लोजा मागच्या सीटवर झोपली ती शिकागो आल्यावर उठली आणि म्हणाली, "निघायचं का आता?" एकदा तर रस्त्यातल्या खड्ड्यात एक अख्खी छोटी जपानी गाडी पडली होती. झिगी तिच्यावरून गेला. ब्रोनियाच्या हातातल्या कॉफीवर तरंग उठला नाही.

पुढे कारखाना बंद पडला, झिगीचे केस गेले. गाडी तशीच राहिली.

मग एका मार्चमध्ये, उपासाच्या शुक्रवारी, दोघं बेकरीतून राय धान्याचा पाव घेऊन आली. झिगीने गाडी आत घातली, चेंडू काचेला टेकला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. लगेच उतरायची सवय दोघांनाही नव्हती. आत इतकं मऊ आणि गप्प असायचं की उतरावंसं वाटायचं नाही. ब्रोनियाने पाव मांडीवर घेतला आणि बिटाचा विषय काढला. ह्या वर्षी तरी ते खोकं थोडं आत घे, निदान अर्धा वाफा तरी दे मला. झिगी बोलला नाही. त्या पहिल्या भांडणानंतर बिटाचा विषय निघाला की तो बोलायचाच नाही. ती बोलत राहिली. मध्ये हात टेकायला सोफ्याएवढा कठडा, त्यामुळे कोपरही कोपराला लागत नव्हतं. मांडीवरचा पाव गार झाला तेव्हा तिने वळून पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, एका क्षणात. जाताना झिगीला काही कळलंही नसेल.

"डॉक्टर कुठे बसला होता शेजारी?" ब्रोनिया लोजाला म्हणाली. "मी बसले होते."

त्यानंतर ब्रोनियाला काही लागेनासं झालं. लोकांनी सारण भरलेले पिरोगी आणले, कोबीचे रोल आणले; तिने खाल्ले, भांडी घासून परत केली. मीठ कमी होतं की जास्त, सांगता आलं नसतं. इस्त्री बोटाला लागली तर वासावरून कळलं.

"अगं, रड तरी एकदाची!" लोजा म्हणायची. "माझा भाऊ होता तो. मी एकटीने किती रडायचं?"

"रडेन. आधी बटाटे सोलून घेते."

रोज दुपारी ती गॅरेजात जायची, आपल्या बाजूच्या सीटवर बसायची, दार ओढून घ्यायची. एकच गोष्ट तिला कळायला हवी होती. त्या शेवटच्या घडीला झिगीला काही लागलं का? त्याने हात पुढे केला आणि आपण बीट-बीट करत राहिलो, असं तर झालं नाही? ती बसून राहायची. बाहेरून कचऱ्याची गाडी जायची, तीही ऐकू यायची नाही.

शेवटी लोजानेच गाडीला गिऱ्हाईक आणलं. व्हर्लिन नावाचा, तिशीतला, वर उत्तरेकडे साखरेच्या बिटाची शेती करणारा. बिटाचं नाव ऐकून ब्रोनियाने त्याला खुर्ची दिली.

"ऑगस्टात आमच्या जिल्ह्याच्या मेळ्यात चालवणार आहे, मॅडम," व्हर्लिन टोपी हातात घेऊन म्हणाला. "गच्च गर्दी असते. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात."

ब्रोनियाच्या डोळ्यांपुढे मिरवणूक आली. आमच्याकडे मोठी गाडी आणि मेळा म्हटलं की मिरवणूकच: गाडीत मानाचा पट्टा घातलेली सुंदरी, हात हलवतेय, बँड वाजतोय.

"काचा हव्यात का तुम्हाला? मी काढूनच टाकणार," व्हर्लिन म्हणाला.

"टाका की. हात हलवायला बरं."

व्हर्लिनने तिच्याकडे जरा बघितलं. "दारं साखळीने बांधावी लागतात."

"चांगलं करता. पोरी पडतात."

"आणि मागची सीट काढून तिथे पेट्रोलची टाकी."

"लांब जाते वाटतं तुमची मिरवणूक," असं ब्रोनिया म्हणणार होती, पण लोजा मध्येच कॉफी घेऊन आली आणि ते राहून गेलं.

गाडी गेली. त्याआधी ब्रोनियाने ती धुतली, पापण्यांना तेल घातलं, पुढच्या जाळीला कागदाची फुलं बांधली.

ऑगस्टात दोघी लोजाच्या छोट्या गाडीतून मेळ्याला निघाल्या. रस्त्यातला प्रत्येक खडा लोजाच्या कमरेत शिरत होता. "आई गं! तुला नाही लागत?" "नाही," ब्रोनिया म्हणाली. तिने हॅट घातली होती, हातमोजे घातले होते.

बाकड्यांसमोर मैदान होतं. पाणी मारून चिखल केलेला. कडेला गाड्या उभ्या, एकीलाही काच नाही, अंगभर रंगाने आकडे. त्यांच्यात इंपिरियल. कागदाची फुलं अजून तशीच. टपावर मोठ्या काळ्या अक्षरांत लिहिलेलं: झिगीसाठी.

"हे काय आहे?" ब्रोनियाने शेजारच्या मक्याचं कणीस खाणाऱ्या बाईला विचारलं.

"टक्करांचा खेळ. एकमेकांना ठोकायचं. शेवटी जी हलती राहील ती जिंकली." बाईने दात कोरले. "ती मरून गाडी बघितलीत? असली जुनी मोठी पोलादं आता मिळत नाहीत. सगळे घाबरलेत."

लोजा उठलीच. "थांबवा! अरे, ही माझ्या भावाची गाडी आहे! कुठे आहे तो बीटवाला?"

व्हर्लिन धावत आला. दोघींची तोंडं पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं. कान लाल झाले. "मॅडम, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. इकडे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता बाहेर काढतो. अजून एक ओरखडा नाही आलेला."

"काढ!" लोजा ओरडली. "अगं ब्रोनिया, सांग ना त्याला!"

ब्रोनियाने गाडीकडे पाहिलं. मग व्हर्लिनला विचारलं, "धक्का बसला की आतल्या माणसाला लागतं का?"

"दुसऱ्या गाड्यांत लागतं. दात हलतात."

"हिच्यात?"

"हिच्यात अजून बसलो नाही, मॅडम."

"मग बस," ब्रोनिया म्हणाली. "आणि आल्यावर मला सांग."

लोजाने कपाळाला हात लावला.

झेंडा पडला. सगळ्या गाड्या उलट्या, पार्श्वभागाने एकमेकींवर गेल्या. इंपिरियलला पहिली टक्कर बसली तेव्हा ठोकणारी गाडीच दुमडली, कंदिलाच्या कागदासारखी. दुसरी येऊन आपटली आणि लाजून मागे सरकली. एक तर तिच्यावर चढली, टपावरून पलीकडे उतरली आणि सरळ जत्रेतल्या बकऱ्यांच्या स्पर्धेच्या मांडवात गेली. बकरीने पहिलं बक्षीस घेतलं ते त्या गाडीच्या बॉनेटवर उभी राहूनच. इंपिरियल चिखलातून तरंगत होती. ब्रोनिया हातातला लिंबू सरबताचा पेला सरळ धरून बसली होती.

मग हळूहळू मागचा भाग आत गेला. डिकी गेली, मागची दारं गेली. एक पापणी मिटली ती मिटलीच.

"आता मावली असती गॅरेजात," ब्रोनिया म्हणाली.

लोजा हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ब्रोनियाने तिला आपला रुमाल दिला.

शेवटी दोनच गाड्या राहिल्या. इंपिरियलच्या नाकातून वाफ येत होती. समोरची एक खटारा व्हॅन पूर्ण मैदान पार करून आली आणि नाकावरच बसली. आवाज असा झाला की मक्याचं कणीस बाईच्या हातून पडलं. इंजिन बंद. प्रत्येक गाडीच्या खिडकीला एक काठी असते, ती मोडली की शरण गेलो. व्हर्लिनने हात बाहेर काढून आपली मोडली.

खिडकीतून तो बाहेर आला तेव्हा ओठ फुटला होता, एक पाय ओढत होता. ब्रोनिया चिखलात उतरून त्याच्यापर्यंत गेली. हॅट, हातमोजे, सगळं तसंच. सरबत त्याच्या हातात दिलं.

"लागलं का काही?"

व्हर्लिनने ओठावरचं रक्त पुसलं. "नाही, मॅडम. काही म्हणजे काहीच नाही. गादीवर झोपल्यासारखं."

"शेवटच्या धक्क्यालासुद्धा?"

"शेवटच्यालासुद्धा नाही."

ब्रोनियाने मान हलवली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी ती कुदळ घेऊन गॅरेजात गेली, खोकं पाडायला. गाडी नसल्यामुळे आत आवाज घुमत होता. बाहेरच्या उन्हातून एकदम आत आल्यावर दिसेना, तशीच चालत राहिली, आणि मध्येच चेंडू येऊन छातीला टेकला. ती थांबली. मग मागच्या दाराने बाहेर पडली, चेंडूला वळसा घालून, आणि खोकं पाडून टाकलं. ह्या वर्षी वाफ्यावर ऊन येतं. दोरी मात्र तिने अजून कापलेली नाही.

आता कवळी पडायच्या आत सांगून टाकते. बकरी खरी, जपानी गाडी खरी, लोजाची शिकागोपर्यंतची झोप तर मी डोळ्यांनी पाहिली आहे. एकच गोष्ट मी पदरची घातली. व्हर्लिन तसं काही म्हणाला नाही. त्या धडाधडीत त्याच्या कानांना दडे बसले होते. ब्रोनियाने विचारलं तेव्हा तो नुसतं "काय?" म्हणाला, आणि तिने परत विचारलं नाही.