दुसरा ठोका

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. शाळेतली नव्हे, बसमधली. ओतशाळेतून निघाले ती थेट एका बसमध्ये, ड्रायव्हरच्या कानामागे जाऊन बसले. माझ्या लोलकाची दोरी प्रवाशांच्या डोक्यांवरून पार मागच्या दारापर्यंत जायची. कंडक्टरने एकदा ओढली की एक ठोका, म्हणजे थांबा. दोनदा ओढली की दोन ठोके, म्हणजे चला. माझी भाषा एवढीच. कुणी म्हातारी धापा टाकत येताना दिसली, की कंडक्टर दुसरा ठोका हातातच धरून ठेवायचा. तिचा पाय पायरीवर पडला, की मग सोडायचा. ड्रायव्हर म्हणायचा, "बायकोची हाक चुकते माझी, हिची नाही चुकत. ही कुजबुजली तरी पाय ब्रेकवर जातो."

सव्वीस वर्षांनी बस भंगारात गेली. ड्रायव्हरने स्क्रू काढून मला घरी नेलं आणि खिळ्यांच्या डब्यात ठेवलं. त्या अंधारात थांबायचं कुणाला नव्हतं आणि निघायचंही कुणाला नव्हतं. मी हिरवी पडत गेले.

एके दिवशी डबा उघडला. गल्लीतल्या सहा घरांनी मिळून, युद्धातून जीव वाचवून आलेल्या एका कुटुंबाची जबाबदारी घेतली होती. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी तयार होत होत्या. शिंप्याने पडदे शिवले. नर्सबाईंनी फरशी घासून घासून पांढरी केली. माझा ड्रायव्हर आता आजोबा झाला होता. त्याने मला चिंचेने घासलं, दाराच्या आतल्या बाजूला बसवलं आणि दोरी भोकातून बाहेर सोडली. म्हणाला, "घर म्हटलं की घंटा हवीच."

आई आली आणि सात वर्षांची लेक आली. बाप मागे छावणीत अडकला होता. त्याचे कागद नंतर व्हायचे होते.

पहिल्याच सकाळी गल्लीचं प्रेम उतू गेलं. कुणी गोधडी आणली, कुणी बादली, कुणी बाहुली. जो आला त्याने दोरी ओढली, आणि मीही किती वर्षांनी गळा मोकळा केला. पाचव्यांदा वाजले तेव्हा दारात नर्सबाई होत्या. दार उघडेना. त्यांनी आपल्याजवळच्या किल्लीने ते उघडलं. मायलेकी कपाटात गोधड्यांमागे बसल्या होत्या, आणि आईचा तळवा लेकीच्या तोंडावर होता. तिकडे अशीच घंटा वाजली होती आणि दारातून मुलीच्या मामाला नेलं होतं. तो परत आला नव्हता.

नर्सबाई जिन्यात येऊन इतरांना म्हणाल्या, "आपण माया करायला गेलो आणि धडकी भरवून आलो." त्यांनी आपला रुमाल माझ्या लोलकाला घट्ट गुंडाळला. त्या दिवसापासून दोरीला कुणी हात लावायचा नाही, खालच्या पायरीवरूनच हाक द्यायची, असं ठरलं. नर्सबाई म्हणायच्या, "मी गं, मावशी." आजोबा गात यायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे." कुठलीच जागा नसलेल्या त्या जिन्यात ते ऐकून मुलगी पहिल्यांदा हसली.

माझं वाईट वाटून घेऊ नका, मित्रांनो. त्या हसण्यासाठी मी जन्मभर मुकी राहिले असते.

मुलगी शाळेत जाऊ लागली, इथली भाषा बोलू लागली. एकदा तिने विचारलं, "आजोबा, हिच्या तोंडाला रुमाल का?"

"दात दुखतोय तिचा."

"खोटं."

मग आजोबांनी तिला खरं काय ते सांगितलं, माझी भाषा शिकवली आणि एक ओवीही जोडून दिली:

एका ठोक्याला थांबावं, दोन ठोक्यांना निघावं,
दोन ठोक्यांच्या बाबाला दार धावून उघडावं.

कारण मुलीने ठरवलं होतं, की ही घंटा फक्त बाबाच वाजवणार, आणि दोनदाच. फोनवर तिने त्याच्याकडून तसं कबूलही करून घेतलं. सहा घरांनी दीड वर्ष कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि कागद झाले.

बाबा यायचा होता त्या गुरुवारी तिने स्टुलावर चढून माझा रुमाल स्वतः सोडला. आजोबा शिंप्याची गाडी घेऊन विमानतळावर गेले होते. आईने दारात नव्या चपला मांडल्या होत्या.

दुपारी जिन्यात पावलं वाजली. एकाच माणसाची. हाक आली नाही. पावलं दारापाशी येऊन थांबली.

आणि दोरी ओढली गेली. एकदा.

"आला!" मुलगी धावली. कडीवर हात ठेवला आणि थबकली. आई पुढे आली, तर म्हणाली, "थांब ना आई. अजून एक व्हायचाय."

दाराच्या एका बाजूला ती वाट पाहत होती. दुसऱ्या बाजूला आजोबा उभे होते. विमानतळावर त्यांना कळलं होतं, की छावणीत तापाची साथ आली होती. बाबा विमानात चढलाच नव्हता, चार दिवसांपूर्वीच तापाने गेला होता. आजोबांना हाक द्यायची होती, पण 'पुढे सरका' म्हणवेना. मग नकळत हातानेच दोरी ओढली. आपण काय केलं ते त्यांना लगेच कळलं आणि त्यांनी दोरी सोडून दिली. मी मध्ये लोंबकळत होते.

"बाबा, दुसरा," मुलगी दाराला तोंड लावून हळूच म्हणाली.

आईला तेव्हाच कळलं असावं. तिने लेकीचा हात कडीवरून अलगद काढला, आणि स्वतः दार उघडलं.

पुढे आजोबा मला काढायला स्क्रूड्रायव्हर घेऊन आले होते. मुलगी म्हणाली, "राहू दे." तिने स्वतःच रुमाल बांधला. आजही तो तसाच आहे. नर्सबाई अजून हाक देत येतात. आजोबा येतात, पण गात नाहीत.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत असं कुणी राहायला आलं, तर गोधड्या न्या, बाहुल्या न्या, जरूर न्या. पण त्यांच्या दोरीला हात घालण्याआधी खालच्या पायरीवर क्षणभर थांबा. आपण कोण ते सांगा. बंद दारामागे कोण कशाची वाट पाहत बसलंय, ते बाहेरून दिसत नाही.

माझ्यापाशी तो दुसरा ठोका अजून शिल्लक आहे. कंडक्टर धरून ठेवायचा ना, तसाच मी धरून ठेवलाय.