जाळीपलीकडचा विद्यार्थी

नम्रतेच्या बाबतीत आपला हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं निवृत्त मुख्याध्यापकांनी नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, म्हणजे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चहा पिता पिता जाहीर केलं.

"मग नाताळाआधी पापनिवेदनाला जाऊन या," बायको कपबशा पुसत म्हणाली. "दोन वर्षं झाली."

"नम्र माणसानं पापं आणायची कुठून?"

"नवे फादर आल्यापासून बरी आटली तुमची पापं!"

हे वर्मी लागलं. नवे फादर सातवीत सरांच्या हाताखाली शिकलेले. त्या पोरानं एकदा असा झकास निबंध लिहिला, की सरांनी भर वर्गात "कुठून ढापलास?" म्हणत त्याच्या कानशिलात लगावली. महिन्याभरानं परीक्षेत, सरांच्या डोळ्यांदेखत, पोरानं त्याहून सरस निबंध लिहिला. सरांनी मुकाट्यानं गुण दिले. माफी तेवढी राहून गेली, ती बावीस वर्षं.

आता त्याच्याच पुढ्यात गुडघे टेकायचे? पण न टेकावे, तर यंदाही गव्हाणीतल्या बाळापुढे चोरासारखं उभं राहायचं. दोन नाताळ तसेच गेले होते. प्रार्थनेला डोळे मिटले, की तो लालबुंद कान दिसे.

शनिवारी दुपारी सर चर्चमध्ये गेले. पापनिवेदनाच्या खोक्यात गुडघे टेकून जाळीशी खाकरले. खाकरणं ओळखीचं असावं. पलीकडे फादर ताडकन उठले आणि लाकडी छतावर डोकं आपटल्याचा आवाज आला.

"बस रे, बस," सर सवयीनं म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे... बसा, फादर."

पाठ करून आणलेलं सगळं तिथंच विसरलं.

"तो निबंध तुझाच होता. मला तेव्हाच कळलं होतं रे. कबूल करायला माझा ताठा आड आला. चुकलं माझं, बाळा."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"सर, मीही मनात अढी धरून होतो. प्रवचन लिहायला बसलो, की वाटायचं, आता सर विचारणार, कुठून ढापलास? आज सुटलो."

"प्रवचनं चांगली असतात. जरा लांबतात."

"प्रायश्चित्त म्हणून प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा."

"एकदाच? बावीस वर्षांना?"

"सर, इथे गुण मी देतो."

सरांना हसू आलं, डोळेही भरले. छातीवरचा धोंडा कुणी अलगद उचलून नेला होता. यंदा गव्हाणीपुढे मान वर करून... नव्हे, खाली घालून उभं राहता येणार होतं.

"देवानं क्षमा केली, सर. शांतीनं जा. फक्त एक विनंती आहे."

"बोल ना, बाळा."

"पुढच्या वेळी जरा हळू बोला. बाहेर रांग आहे, आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळं ऐकू जातंय."