डोकेदुखी पिणारी शिळा

भर दुपारी आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं खिडकीपाशी रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या टाळूवर काळी कापडी पिशवी, हातात पाण्याचा पेला आणि नजर रस्त्यापलीकडच्या झाडावर. मधोमध साहेब. त्यांच्या गुळगुळीत टाळूवरून पिशवी सारखी घसरायची, म्हणून त्यांनी ती बोटाने दाबून धरली होती.

ही सगळी खडेबाबांची कृपा.

औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली माहितीपत्रकं तपासायची, हे आमचं काम. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने स्क्रीनवर ताडून बघायचं. अक्षर असं, की मुंगीलाही चष्मा लागावा. दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी ठणकायची. शेवटी साहेबांच्या मेहुण्याने बाबांना आणलं. दिवसभर ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’ हे वाक्य तपासणारी आम्ही शहाणी माणसं, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा एकालाही डॉक्टर आठवला नाही.

“पिशवीत महाशोषक शिळा आहे, बाळांनो! डोक्यातली उष्ण लहर ती घटाघटा पिते आणि जड होते. दर तासाला उठा, ती टाळूवर ठेवा, पेलाभर पाणी प्या, लांबच्या झाडावर नजर लावा. आणि पिशवी उघडू नका. उघडली की गुण उडाला!”

“उडून कुठे जातो?” मी विचारलं.

“जिथून आला तिथे.”

“जाताना सांगून जातो का?”

साहेबांनी डोळे वटारले. मी पिशवी टाळूवर ठेवली.

पण गंमत म्हणजे डोकी दुखायची थांबली! सगळ्यांची थांबली, एका काकूंची सोडून. काकू माझ्या जोडीदार. मी वाचायचे, त्या ताडून बघायच्या. “काच मधे आली की लहर अडते,” असं सांगून बाबांनी त्यांचा चष्मा उतरवला होता. डोकं दुप्पट दुखायला लागलं, तर बाबा म्हणाले, “श्रद्धा कमी पडते.”

एकदा लहान मुलांच्या औषधाचं पत्रक होतं. मी ‘१० थेंब’ वाचलं, काकू ‘बरोबर’ म्हणाल्या. छपाईला धाडण्याआधी मी सहज डोकावले, तर स्क्रीनवर ‘१०० थेंब’! मी चूक दुरुस्त केली, पण गोष्ट साहेबांपर्यंत गेलीच. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, “काकू, पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. “श्रद्धा वाढवते गं,” म्हणाल्या. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकूण एक पिशवी उसवली, आतला ऐवज माझ्या खणात टाकला आणि त्या जागी टाचा घासायच्या वज्र्या भरून पिशव्या पुन्हा शिवल्या. इतक्या वज्र्या घेताना दुकानदाराने माझ्या पायांकडे फार काळजीने पाहिलं होतं.

वज्री म्हणजे भोकाभोकांचा हलकाफुलका दगड. पण कोणाला पत्ता नाही! उलट आमचा टायपिस्ट म्हणाला, “आता जड लागायला लागली हो!” आणि डोकी पहिल्यासारखीच शांत.

भरलेल्या शिळा बदलायला बाबा आले. त्यांनी साहेबांची पिशवी तळहातावर तोलली.

“अरे बापरे! केवढं दुःख प्यायली ही!” त्यांनी ती कपाळाला लावली, डोळ्यांना लावली, भक्तिभावाने ओठांना लावली.

“बाबा, जपून. टाचा घासायची आहे ती,” मी म्हणाले आणि कात्रीने पिशवी उघडली.

वज्री टेबलावर पडली. असा हशा पिकला की शेजारच्या ऑफिसातली माणसं दारात आली.

“शिळेने रूप पालटलं!” बाबा ओरडले.

“मग हे काय?” मी खण पालथा केला. रस्त्यावरची खडी! काही खड्यांना डांबरही होतं. बाबांना एकदम दुसऱ्या भक्ताची आठवण झाली आणि ते जिन्याने पसार झाले.

“पण माझं डोकं दुखायचं खरंच थांबलं होतं,” साहेब रडवेले झाले.

“थांबणारच. तुम्ही दर तासाला उठलात, पाणी प्यालात, बारीक अक्षरावरून नजर काढून लांब टाकलीत. गुण त्याचा. बाबांनी मधे नुसती खडी घुसवली.”

“मग माझंच का नाही थांबलं?” काकूंनी विचारलं.

“तुमचा चष्मा काढला ना त्याने!”

हशा विरला. साहेबांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तेच काकूंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नंबर केव्हाच बदलला होता. नवा चष्मा लावून काकूंनी आठवड्याभरात इतरांच्या इतक्या चुका पकडल्या, की त्यांना घरी बसवायची भाषा करणारे साहेब कठीण पत्रकं आता त्यांच्याच टेबलावर ठेवतात.

तेव्हा मंडळी, डोकं दुखलं तर उठा, पाणी प्या, लांब बघा. तरीही थांबलं नाही तर सरळ डॉक्टर गाठा. ज्या गोष्टीने बरं वाटलं ती नेमकी कोणती, एवढं एकदा तपासून बघा. दुखत असलं तरी डोकं आपलंच आहे, ते दुसऱ्याकडे गहाण टाकू नका.