हललेले फोटो

सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरून प्रोब फिरवफिरव फिरवला आणि म्हणाल्या, "मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पूल मला दिसत नाहीये. डोकं खाली दडलंय, नीट कोन मिळत नाही. एमआरआय करू, दोन्ही ताडून बघू."

झालं! ती पोटावरचा जेल पुसतेय तोवर नणंदेनं निकालही लावला. "अजून वेळ हातात आहे. पाडून मोकळी हो बाई." जिभेला काही हाड? पोटुशी स्वतः शहरात बस चालवणारी, दिवसभर लोकांचे बोल ऐकायची तिला सवय. पण हे थेट तिच्या काळजात घुसलं. नवरा बहिणीशेजारी बसून रिपोर्टांची फाइल आवरत होता.

एमआरआयला निघताना नणंदेनंच तिला दोन कप गोड कॉफी पाजली. प्रेमानं हो, उगाच कशाला खोटं बोला! पण त्या कॉफीनं बाळ आत असं काही नाचायला लागलं की ढणढणत्या मशीनमध्ये काढलेले सगळे फोटो हलले. तिथले डॉक्टर म्हणाले, "पूल असावासा वाटतो. खात्री नाही."

"एक म्हणते दिसत नाही, दुसरा म्हणतो असावा," नणंद म्हणाली. "म्हणजे गडबड आहेच. आता कशाची वाट बघायची?"

"हललेल्या फोटोवर माझ्या बाळाचा निकाल लावू देणार नाही मी," ती कडाडली. "पुन्हा काढा. बिनकॉफीचे."

नवऱ्यानं बाही ओढली. तिनं हात झटकला.

दुसऱ्या खेपेला बाळ गाढ झोपलं होतं. फोटो लख्ख आले. दोन्ही डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि एमआरआय शेजारी शेजारी लावून बघितले. सोनोग्राफीची शंका खरी निघाली, पूल नव्हताच. बाकीचा मेंदू मात्र हवा तसा घडत होता, आणि हे एमआरआयमध्ये स्वच्छ दिसलं.

 सगळ्यांदेखत हमसून हमसून रडली ती.

"अशी बरीच मुलं नीट वाढतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही उशिरा बोलतात, काहींना फार जड जातं. तुमचं कसं असेल, ते आज कुठलंच मशीन सांगणार नाही."

"आता तर खात्री झाली ना?" नणंद हळूच म्हणाली. "आता तरी ऐक."

तिनं मनगटानं डोळे पुसले. "हो, झाली. कशाला तोंड द्यायचंय ते कळलं. डॉक्टर, पुढची तपासणी कधी?"

"अगं, पण..."

"ताई, ते तुम्हाला आत्या म्हणेल. उशिरा म्हणेल. नाहीच म्हणालं, तर हाताला धरून तुमच्या दारात आणून उभं करीन, आणि तुम्ही त्याला जवळ घ्यायचं."