गुळाची खळ

धोंडीराम सुताराने नवसाबाईला कामावर ठेवलं, तेव्हा त्याचा महेश चड्डीच्या खिशात लाकडाचा भुसा भरून हिंडायचा. आता बापामागे तोच सातपूरच्या वर्कशॉपचा मालक झाला होता, आणि मालक झाल्यापासून त्याच्या डोक्यात मशीन शिरलं होतं. नवसाबाई तिथे सतरा वर्षं एकच काम करत होती. पॉलिश पेपर हातात धरायचा आणि लाकूड घासायचं. पाट, चौरंग, देव्हारे, सगळं तिच्या हाताखालून गुळगुळीत होऊन जायचं. पेठच्या डोंगरातून पोट भरायला आलेल्या बाईला दुसरं काही कुणी शिकवलं नव्हतं.

बाजारातलं घासायचं मशीन परवडेना, म्हणून महेशने घरचंच बनवलं. अंबडच्या भंगारवाल्याकडून जुनी मोटर आणली, प्लायवूडची गोल तबकडी कापून तिच्या दांड्यावर बसवली, तबकडीवर पॉलिश पेपर चिकटवला. झालं मशीन! बटण दाबलं की तबकडी गरगर फिरे आणि लाकूड टेकवलं की भुशाचा फवारा उडे. नवसाबाईला एका पाटाला अर्धा तास लागे, मशीनने तो पाच मिनिटांत केला. तिने हातातला पेपर चुरगाळला. तोंडाने मात्र ती म्हणाली, "लय ब्येस!"

"मावशी," महेश मोठ्या प्रेमाने म्हणाला, "मंगल कार्यालयाच्या साठ पाटांची ऑर्डर आहे. आठवडाभर मशीन नीट चाललं, की शनिवारपासून तुम्ही मोकळ्या. किती वर्षं घासायचं माणसाने?"

माणसाची भाकरी काढून घेणारे असेच प्रेमाने बोलतात.

बाप चिक्कू होता, लेक सवाई निघाला. एवढं सगळं भंगारात जमवल्यावर पेपर चिकटवायला सरस विकत आणायचं त्याच्या जिवावर आलं. "रोज संध्याकाळी मैद्याची खळ शिजवून द्या," त्याने फर्मावलं. "झिजलेला पेपर काढून नवा चिकटवू, सकाळपर्यंत वाळेल."

म्हणजे आपली भाकरी हिरावणाऱ्या मशीनला खळही आपणच शिजवून घालायची! नवसाबाईने स्टोव्हवर पातेलं ठेवलं, मैदा ढवळला, इकडेतिकडे बघितलं आणि चहासाठी ठेवलेला गुळाचा खडा आत सोडला. भुशाच्या ढिगात उंदरांच्या तीन पिढ्या नांदत होत्या, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

सकाळी महेशने बटण दाबलं. कडेने कुरतडलेला पेपर सुटला, भर्रकन उडाला, भिंतीवरचं कॅलेंडर फाडून त्याच्या चहात पडला. मोटर तापली असेल म्हणून त्याने तिला टेबलफॅन लावून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेपर उडाला, तेव्हा त्याने लिंबू-मिरची टांगली.

"लागती बाबा नजर," नवसाबाई पाट घासता घासता म्हणाली. "चांगल्या वस्तूला लगीच लागती."

तिच्या हातचे पाट तेवढे एकावर एक रचले जात होते.

तिसऱ्या दिवशी महेशला तबकडीखाली लेंड्या दिसल्या. त्याने पिंजरा आणला, आत कांदाभजं अडकवलं. चौथ्या सकाळी पिंजरा रिकामा, भजं शाबूत आणि पेपरची पार चाळण झालेली. खमंग भजं सोडून उंदीर पेपर खातात? महेश डोकं खाजवत उभा राहिला. मग त्याने पातेल्याच्या काठाला वाळलेली खळ नखाने खरवडली आणि जिभेवर ठेवली.

"मावशी! खळ गोड कशी?"

"गुळानं," नवसाबाई म्हणाली. एवढ्या सरळ प्रश्नाला तिला खोटं बोलता येईना.

महेश लालबुंद झाला. त्याने फळीवरून हजेरीची वही आणि शाईचं पॅड खाली आपटलं. "काम सोडलं म्हणून इथे अंगठा उठवा आणि आत्ताच्या आत्ता निघा!"

आजवर हजेरी मालकच मांडायचा, तिच्या अंगठ्याची कधी गरज पडली नव्हती. तिने अंगठा उठवला. वहीत नुसता काळा ठिपका उमटला.

"नीट दाबा."

तिने दाबला. पुन्हा ठिपका.

"हलवू नका ना!" महेशने तिचा अंगठा स्वतः धरला, शाईत टेकवला, वहीवर दाबला. तिसरा ठिपकाही तसाच. त्याने तिचा हात उजेडाकडे वळवला. अंगठा गोटीसारखा गुळगुळीत होता, एक रेघ नव्हती. उरलेली बोटंही तशीच.

"रेघा कुठे गेल्या?"

"तुझ्या बापाच्या पाटांत गेल्या. थोड्या तुझ्या." तिने हात सोडवून घेतला. "सतरा वरसं पाटासंगं हातबी घासला. आता ह्यो अंगठा कुणाचा म्हणून सांगशील? आन् दुसरं काम मागाया मी कोणाला दाखवू ह्यो हात?"

लहानपणी महेशच्या पायात लाकडाचं कुसळ गेलं, की याच बोटांनी ती ते काढायची. गुळाचा राग अजून गेला नव्हता, पण लाज त्याहून मोठी निघाली. त्याने ते पान टरकन फाडलं आणि वही मिटली.

"सोमवारपासून मशीन तुम्हीच चालवायचं," तो पुटपुटला. "उरलेला हात तरी वाचेल."

नवसाबाईने पदराने डोळे पुसले, मग अंगठ्याची शाई पुसली. मशीनभोवती एक चक्कर मारली, तबकडीवरचा कुरतडलेला पेपर बोटाने उचकटून बघितला.

"चालवीन. पण आदी सरस आण," ती म्हणाली. "त्या खळीवर माझा भरवसा नाय."